काउंटरमागची नात

हॉटेल विकायला काढलं तेव्हा मालकांच्या बायकोने एकच अट घातली. पियानो आपल्याबरोबर येणार. मालक म्हणाले, "अगं, घेऊन जा की, त्याला कोण विचारतंय!" त्यातली खोच तिला कळली, पण तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

हॉटेल म्हणजे तरी काय, अकरा खोल्या, दोन जिने आणि एक काउंटर. तीस वर्षं दोघांनी ते चालवलं. किल्ल्या आणि गोड बोलणं मालकांकडे, चादरी, नाश्ता आणि उरलेलं सगळं तिच्याकडे, म्हणजे खरं तर हॉटेल तिच्याकडेच. आता दोघांच्याही गुडघ्यांनी जिन्यांविरुद्ध संप पुकारला होता. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे पुढे चालवणारंही कोणी नव्हतं.

पियानो दोन वर्षांपूर्वी आला. एक शाळा बंद पडली आणि तिचं सामान विक्रीला निघालं. बायको नाश्त्याच्या खोलीसाठी बाकं बघायला म्हणून गेली आणि पियानो घेऊन आली. तेव्हा तिचं वय वर्षं अठ्ठावन्न! काउंटरच्या मागे दोघांच्या राहत्या दोन खोल्या होत्या, त्यातल्या पुढच्या खोलीत तो भिंतीला लागला. रोज दुपारी चादरींच्या घड्या झाल्या की ती मोबाईल समोर टेकवून, चष्मा नाकावर ओढून शिकायला बसायची. मोबाईलमधली बाई दाखवायची, ही तसं करायची. एकच धून. चौथ्या ओळीत बोट हमखास घसरायचं. मग मोठ्याने "छे!" आणि पुन्हा अगदी पहिल्यापासून. मधूनच उचलून पुढे जाणं तिला मान्य नव्हतं. चादर एका कोपऱ्यात सुरकुतली तरी सगळी काढून पुन्हा घालणारी बाई ती.

मालकांना लाज वाटायची. आडपडदा न ठेवता सांगायचं तर तेवढंच. या वयात, एक-दोन-तीन-चार असं मोठ्याने मोजत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानावर! काउंटरवर कोणी आलं की ते मागचं दार टाचेने हळूच ढकलून द्यायचे. तोंड पाहुण्याशी बोलतंय आणि पाय मागे कामाला लागलाय. पण दार जुनं होतं, नीट लागायचं नाही.

दर महिन्याला चार नंबरमध्ये उतरणारा औषधांचा एक विक्रेता होता. किल्ली घेता घेता तो एकदा कान देऊन हसला. "कोण शिकतंय हो?"

"नात," मालकांच्या तोंडून निघून गेलं.

"अरे वा! केवढी आहे?"

"सात."

सातच का, ते मालकांनाही सांगता आलं नसतं. वाजवणं ऐकून सात वाटलं असेल. पण विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचं मिस्कील हसू पार निवळलं. "गोड वाजवते हो," तो म्हणाला. धून तीच, चूक तीच, पण सात वर्षांची म्हटल्यावर गोड.

मग मालकांना चटकच लागली. पाहुणे जाताना काउंटरवर खाऊ ठेवू लागले. चॉकलेटं, रंगपेटी, केसांचे चाप, एकदा तर मांजराचं चित्र असलेले मोजे. मालक ते सगळं खालच्या खणात टाकायचे आणि कुलूप लावायचे. एका बाईंनी नेटवर लिहिलं, 'खोल्या स्वच्छ, नाश्ता गरम, आणि मालकांची छोटी नात पियानो शिकते ते ऐकत चहा प्यायला फार मजा येते.' ते वाचून मालकांचे कान तापले. पण काढून टाका म्हणून सांगावं तर कारण काय देणार? पुढच्या वर्षी विक्रेत्याने विचारलं, "अजून सातच?" मालकांनी त्याच्या हातात किल्ली कोंबली आणि पाणी सुटण्याची वेळ सांगितली.

जाहिरात वाचून बरेच जण आले आणि नाकं मुरडून गेले. शेवटी एका तरुण जोडप्याला हॉटेल आवडलं. तो एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी, ती शाळेत शिक्षिका. होकार द्यायला आले तेव्हा मालकांनी त्यांना मागच्या खोलीत बसवलं. बायको चहा घेऊन आली.

शिक्षिकेने पिशवीतून रंगीत कागदात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. "काकू, हे तुमच्या नातीला. पियानोच्या सोप्या धुना आहेत. नेटवर वाचलं होतं तिच्याबद्दल. खरं सांगू का, एवढ्या जाहिरातींतून हे हॉटेल आधी बघितलं ते तिच्यामुळेच. कुठेय ती?"

बायकोने एकेक कप शांतपणे खाली ठेवला आणि मालकांकडे एकदाच पाहिलं. तिला धक्का बसलेला नव्हता. तेव्हा मालकांना आठवलं की हॉटेलातल्या प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली तिच्या चादरींच्या कपाटात असते.

"शाळेत गेलीय," ती म्हणाली.

सुटलो, असं मालकांना वाटलं. नंतर कित्येक दिवस त्यांना स्वतःची सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या एका क्षणाची.

"केवढी आहे हो?"

"सात. गेल्या वर्षीही सातच होती." बायको साखर ढवळत होती. "हट्टी आहे. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. आजोबांना फार लाज वाटते तिची, दार लावून घेतात. म्हणून सोडलंय तिने आता. पियानो तुम्हीच ठेवा. आम्ही नेऊन काय करणार?"

मूल होणार नाही हे कळल्यापासून त्या विषयावर दोघांनी बोलणंच सोडलं होतं. एकमेकांना जपायची ती त्यांची रीत होती. आणि मालकांनी तोच विषय काउंटरवर मांडून, रोज येईल त्याच्या हातात किल्लीबरोबर दिला होता. गप्प बसले असते तर व्यवहार तिथल्या तिथे झाला असता, वर पियानोची कटकटही गेली असती. ते उठले. बाहेर जाऊन त्यांनी खण उघडला, दोन्ही हातांत मावेल तेवढं आणलं आणि पियानोवर ठेवलं. मोजे खाली पडले.

"आम्हाला नात नाही," ते म्हणाले. "मूलच नाही. वाजवते ती ही. मला लाज वाटायची म्हणून मी लोकांना खोटं सांगितलं." त्यांनी पियानोकडे बोट दाखवलं. "पियानो द्यायचा नाहीये," ते म्हणाले.

स्वयंपाकी कपात बघत बसला. शिक्षिकेने पुस्तक उलटसुलट केलं आणि बायकोपुढे धरलं. "मग हे तुमचंच, काकू. थोडं वाजवता?"

"नाही," बायको म्हणाली. पुस्तक मात्र तिने घेतलं. मग मालकांकडे वळून म्हणाली, "चॉकलेटं खराब झाली असतील. टाकून द्या." आणि नऊ नंबरच्या चादरी बदलायला निघून गेली. मालकांनी खाली वाकून मोजे उचलले.

व्यवहार झाला, पियानो वगळून. नवीन घर तळमजल्यावर होतं, एकही जिना नसलेलं. दोन महिने पियानोवर इस्त्रीचे कपडे पडून राहिले. मालकांनी एकदा भीत भीत विषय काढला तर ती म्हणाली, "भाजी चिरून द्या." त्यांनी चिरून दिली.

मग एका दुपारी ते अंगणातून आत आले तर खोलीचं दार बंद होतं. आतून कडी लावलेली. धून नवी होती, त्या पुस्तकातली असावी. मालक आत जायचे थांबले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

शेजारी कुंपणापाशी झाडांना पाणी घालत होता. "कोण शिकतंय?" तो हसत म्हणाला. "नात आलीय वाटतं?"

"नाही," मालक म्हणाले. जरा जास्तच मोठ्याने. "माझी बायको. साठीची आहे. चुकते अजून."

आतला आवाज थांबला. मालकांनी कपाळाला हात लावला. चुकते, हे सांगायची काय गरज होती? शेजारी नळ बंद करून घरात गेला. मालक पायरीवर तसेच बसून राहिले, कडी वाजतेय का ते ऐकत. कडी वाजली नाही. आतून "छे!" ऐकू आलं आणि धून पुन्हा अगदी पहिल्यापासून सुरू झाली.