विसाव्याची रेघ

आतल्या खोलीत कंगवा फरशीवर पडला आणि सकाळची शांतता मोडली. नूतनने गॅस बारीक केला, पण ती आत गेली नाही. थोड्या वेळाने बांगड्या किणकिणल्या, एकाच हातातल्या, आणि कंगवा पुन्हा पडला.

दाराच्या फटीतून तिला दिसलं. सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या आणि पाच वर्षांची रूपा त्यांच्या गुडघ्यांमध्ये पाठमोरी. लताबाईंनी डाव्या हाताने नातीच्या केसांचे तीन पेड केले होते. एक पेड दातांत धरलेला, दुसरा उजव्या हाताच्या उरलेल्या टोकाखाली दाबलेला, तिसरा बोटांत. वेणी एखाददोन वळणं नीट जायची, मग दाबलेला पेड निसटायचा आणि सगळं सुटायचं. एरवी वेणीच्या वेळी घरभर पळणारी रूपा देवळात बसल्यासारखी बसली होती. मागे वळून पाहतसुद्धा नव्हती.

नूतनने मुद्दाम पातेलं आपटलं. जरा वेळाने रूपा मोकळ्या केसांनी बाहेर आली. आजी म्हणते मम्मीकडून घालून घे, गाडीला उशीर होतोय, असं तिने सांगितलं.

उशीर होत नव्हता. सोनगीरहून धुळ्याला जायला गाड्यांना तोटा नसतो. नूतनने रूपाची वेणी घातली.

चारा कापायच्या यंत्रात लताबाईंचा हात गेला, तेव्हा रूपा नूतनच्या पोटात होती. दवाखान्यातून घरी आल्यावर लताबाई एका हाताने पाणी भरायला शिकल्या, भाजी निवडायला शिकल्या, गायीची धारही काढायला लागल्या. घरात सगळे त्यांना अक्का म्हणत, आणि अक्कांनी कुणाला काही मागितलं असं झालं नाही. मागितलं ते एकदाच. नूतन धुळ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. तिथे निरनिराळ्या विभागांच्या माणसांनी मिळून एक हात बनवला होता, कोपराखालच्या स्नायूंतली बारीकशी वीज ओळखून बोटं मिटणारा आणि उघडणारा. नूतन मोबाइलवर त्याचा फोटो नवऱ्याला, कुंदनला, दाखवत होती, तेव्हा लताबाईंनी मोबाइल मागून घेतला आणि खिडकीपाशी नेऊन पाहिला.

"हाऊ हात पोरनी वेनी घाली का?"

नूतनने तेव्हा हो म्हटलं नव्हतं. नाही म्हणायलाही तिची जीभ वळली नव्हती.

हात एकच होता, आणि पहिल्या चाचणीसाठी माणूस आज ठरायचा होता. यादीत लताबाईंच्या मागे एरंडोलचा एक तरुण होता. हे काम ज्यांच्या हाताखाली चालायचं त्या प्रेमराज सरांनी नूतनला आधीच सांगून ठेवलं होतं की घरचं माणूस आहे म्हणून सूट देता येणार नाही. मोजमाप स्वच्छ आलं तर हात अक्कांचा, नाहीतर तो त्या मुलाच्या मापाला जाईल. नूतनला ते पटलं होतं. एसटीत बसल्यावर मात्र तिने दोनदा पर्स उघडली आणि आपण काय शोधत होतो ते न आठवून बंद केली. शेजारी लताबाई लग्नाला निघाल्यासारख्या नव्या लुगड्यात बसल्या होत्या, आणि बालवाडीला सुट्टी असल्याने बरोबर आलेली रूपा खिडकीतून दिसणारी प्रत्येक पवनचक्की त्यांना नव्याने दाखवत होती.

प्रयोगशाळेत तो हात टेबलावर मऊ कापडात ठेवला होता. बोटांच्या पेरांत आणि मनगटात मुगाच्या शेंगेएवढ्या मोटरी होत्या. कोपराखाली चढवायची खोळ जळगावकडच्या केळीच्या खोडाच्या धाग्यांची होती, इतकी हलकी की लताबाईंनी ती उचलली तेव्हा जास्त जोर लावल्यामुळे त्यांचा हात वरच गेला. ज्या खोडाला घड उतरल्यावर बांधावर फेकून देतात, त्याचं हे झालं, असं प्रेमराज सर त्यांना समजावून सांगत होते. ते स्वतः केळीच्या बागेत वाढलेले. बोटांवरची रबरी कातडी तेवढी बाहेरून मागवलेली होती, गोरीपान.

लताबाईंनी त्या कातडीवरून बोट फिरवलं, मग आपल्या रापलेल्या दंडाकडे पाहिलं.

"लोके म्हनतीन, हाऊ कोठून उसना आना?"

सर मोठ्याने हसले. म्हणाले, अक्का, एक उन्हाळा शेतात न्या, तोही होतो आपल्यासारखा.

नूतनने कोपराखाली स्नायूंतली वीज टिपणाऱ्या चकत्या चिकटवायला घेतल्या. स्वतःच्या हातावर, विद्यार्थ्यांच्या हातांवर तिने त्या कितीदा लावल्या होत्या. पण सासूच्या त्या टोकाला तिचा हात आजवर कधी लागला नव्हता. ती कातडी राठ असेल असं तिने का धरून चाललं होतं कोण जाणे. ती मऊ होती, जन्मल्यावर रूपाची टाळू होती तशी. नूतनने चकती दाबली ती जपून.

पडद्यावर एकाखाली एक दोन हिरव्या रेघा आडव्या धावू लागल्या.

"अक्का, मूठ मिटा."

"कोनती?"

"ती. उजवी."

लताबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग सरांकडे. थट्टा चालली नाही ना, याची खात्री केल्यासारखं. मग त्यांनी डोळे मिटले.

वरची रेघ उसळली. दाट, उंच, थरथरती. बोटं उघडा म्हटल्यावर ती बसली आणि तिच्याखालची दुसरी रेघ उठली. पुन्हा मिटा, पुन्हा उघडा. दरवेळी ती उठत होती, हाक मारल्यावर ओ द्यावी तशी.

यातलं शास्त्र नूतनला पाठ होतं. बोटं गेली तरी बोटांना ओढणारे स्नायू वर उरतात, आणि मेंदू त्यांना हुकूम पाठवायचं सोडत नाही. दरवर्षी ती हे फळ्यावर आकृती काढून शिकवायची, पोरं उतरवून घ्यायची, घंटा व्हायची. आज ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. चुलीपाशी, गोठ्यात, ताटावर, इतकी वर्षं त्यांच्या घरात आणखी एक हात वावरत होता. तिने त्याला बाजूला सरकून वाटही दिली नव्हती.

"हाऊ मना हात शे?" लताबाईंनी डोळे उघडून विचारलं.

"हो अक्का. तुमचाच."

लताबाई रेघेकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पदर डोक्यावर पुढे ओढून घेतला, घरात कुणी वडीलधारं आल्यावर ओढतात तसा.

तिसरं मोजमाप सगळ्यांत सोपं. काही करायचं नाही, हात ढिला सोडायचा. नूतन त्याला विसाव्याची रेघ म्हणायची. ती सरळ मिळाली की यंत्राला कळतं, कधी गप्प राहायचं. ती मिळाली नाही तर बोटं मनाला येईल तेव्हा मिटतात, आणि तशा हातात ना पेला ठरत, ना केसांचा पेड. एव्हाना रूपा कंटाळून आजीच्या मांडीवर येऊन कलंडली होती.

रेघ सरळ होईना. एक लहानशी लाट यायची, जायची, पुन्हा यायची. मोठी नव्हती, पण थांबतही नव्हती. हात तारेला जोडून पाहिला, तर टेबलावरची गोरी बोटं झोपेत दचकावं तशी हलत राहिली.

सरांना आधी विजेच्या तारांची शंका आली. त्यांनी पंखे बंद केले, ट्यूब बंद केल्या, सगळ्यांचे मोबाइल बाहेर ठेवायला लावले. लाट होतीच. चकत्या काढल्या, कातडी पुसली, नव्या लावल्या. लाट होतीच. हृदयाचा ठोका उमटत असेल म्हणून नूतनने सासूची डाव्या हाताची नाडी धरून पाहिली. नाडी आपल्या चालीने चालली होती, लाट आपल्या. पंख्याविना खोली तापली. लताबाईंच्या कपाळावर घाम आला आणि नव्या लुगड्याची घडी मोडली.

"अक्का, काही करू नका. अगदी सोडून द्या हात."

"काहीच नही करी राहिनू मी, माय."

त्यांचा आवाज बारीक झाला होता. एवढ्या वर्षांत नूतनने तो तसा ऐकला नव्हता.

सरांनी तिला दाराशी बोलावलं. एरंडोलच्या मुलाला उद्या यायला सांगू का, असं हळूच विचारलं. वाईट त्यांनाही वाटत होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेवढ्यात रूपाला तहान लागली. ती मांडीवरून उतरून कोपऱ्यातल्या माठाकडे गेली, आणि पडद्यावरची रेघ एकदम सरळ झाली. नुकत्याच सारवलेल्या जमिनीसारखी.

सर धावत आले. रूपा पाणी पिऊन परतली, मांडीवर डोकं टेकून पडली. जरा वेळाने लाट सुरू झाली.

सरांनी टेबलावर थाप मारली. पोरीचं ओझं, दुसरं काय! वजनाने खांदा ताणला जातोय, तिला बाहेर बसवा, काम झालं. त्यांच्या बोलण्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. पण रूपा डाव्या मांडीवर होती, आणि रेघ उजव्या हाताची. नूतन जागची हलली नाही. पंखे बंद होते, आणि हिरवी लाट येत होती, जात होती, येत होती. नूतनचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. तो केव्हा हलायला लागला ते तिला कळलं नाही. कळलं तेव्हा तळवा लाकडावर लाटेबरोबर पडत होता, लाटेबरोबर उठत होता, एकदाही न चुकता. रूपाच्या पहिल्या वर्षी झोपेतसुद्धा नूतनचा हात याच चालीने चालायचा.

तिने खाली पाहिलं. रूपाचे डोळे अर्धे मिटले होते. लताबाईंचा डावा हात तिच्या केसांवर नुसता विसावलेला. उजवं टोक पदराखाली, पोरीच्या पाठीपासून वीतभर वर, जवळजवळ स्थिर.

"अक्का," नूतन म्हणाली, "तुम्ही हिला थोपटताय?"

लताबाई गोंधळल्या. त्यांनी आधी डाव्या हाताकडे पाहिलं. तो हलत नव्हता. मग पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पोर मांडीवर झोपनी ते हात कसा थांबी?"

प्रेमराज सरांचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला होता, तो तिथेच राहिला. अक्कांच्या त्या गेलेल्या हाताने रूपाला कधी शिवलं नव्हतं. ती जन्मली तेव्हा तो नव्हताच.

पुढे बोलायला सरांनीच सुरुवात केली, खाकरून, कामाच्या आवाजात. ही लाट गाळून टाकता येईल, ते म्हणाले. इतकी ठरलेली चाल आहे, थोडंसं लिहिलं की यंत्र तिला कचरा समजून सोडून देईल. मग मोजमाप स्वच्छ, हात अक्कांचा. बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता. नूतन संगणकापुढे बसली. हेच तर तिला हवं होतं. यंत्राला तीन खुणा शिकवलेल्या होत्या, मिटणं, उघडणं आणि विसावा. तिची बोटं कळांवर थांबली. मग तिने चौथी खूण लिहिली.

सरांनी खांद्यावरून वाचलं.

"ही आली की हातानं करायचं काय, मॅडम?"

"थोपटायचं."

सरांनी खुर्ची ओढली आणि ते शेजारी बसले.

चहा दोनदा येऊन निवला. उन्हं खिडकीतून टेबलावर आली, तेव्हा चारही खुणा वेगवेगळ्या ओळखू यायला लागल्या होत्या. नूतनने सासूच्या हातावर खोळ चढवली, पट्टे आवळले. लताबाईंनी पेला उचलला आणि ठेवला. मग झोपलेल्या रूपाच्या वेणीचं टोक त्या गोऱ्या बोटांत धरलं, डाव्या हाताने ओढून पाहिलं. निसटलं नाही. त्यांनी पुन्हा ओढून पाहिलं. एरंडोलच्या मुलासाठी पुढचा हात लवकर करायला लागू, असं सर खिडकीकडे तोंड करून म्हणाले.

लताबाईंनी वेणीचं टोक सोडलं आणि त्या मागे टेकल्या. आता त्या काहीच करत नव्हत्या. मोटरीची बारीक घरघर आली, आणि तो हात खाली वाकून रूपाच्या पाठीवर टेकला. उठला. टेकला. लताबाईंचं तोंड उघडं राहिलं. कुणी शेजारी बसून आपल्याच नातीला थोपटत असावं तशा त्या पाहत होत्या.

रूपा जागी झाली. तिने मान वळवून त्या बोटांकडे पाहिलं. ती भ्याली नाही. करंगळी चाचपून पाहिली, वास घेतला, आणि कुशीवर वळून पुन्हा डोळे मिटले.

"आजी, हा नको. रोजच्या हातानं थोपट."

मोटर थांबली. नूतन खुर्चीपाशी खाली बसली. आजी रोज कुठल्या हाताने थोपटते, असं तिने हलक्या आवाजात विचारलं. एवढं साधं मम्मीला कसं ठाऊक नाही, अशा चेहऱ्याने रूपाने पदराखालच्या उजव्या बाजूकडे बोट दाखवलं. मग ते बोट तसंच हवेत राहिलं. तिच्या भुवया जवळ आल्या. ती उठून बसली, नवा हात आणि आजीचं कोपर यांमधल्या पट्ट्याकडे वाकून पाहू लागली.

"मम्मी, आता हा आला, तर आधीचा कुठं राहील?"