योग्य भाव मिळेल

मित्रांनो, कानांवर हात ठेवू नका. मी जुना भोंगा आहे हे खरे, पण आता माझ्या तोंडातून आवाज येत नाही. माझी वायर काढून ठेवली आहे आणि मला एका खोलीत, तोंड भिंतीकडे करून, खिळ्याला टांगले आहे. एके काळी मी तोंड उघडले की चार गल्ल्यांतली कुत्री भुंकायला लागत. आज माझ्या तोंडात कोळ्याने बिऱ्हाड थाटले आहे आणि मी त्याला साधे 'हुश्श' म्हणू शकत नाही.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. यंत्राने दाबून, वळवून मला हे पसरट तोंड दिले, मागे लोहचुंबक बसवले आणि वरून करडा रंग फासला. मग एका कामगाराने माइकमध्ये "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" म्हटले. ते माझे पहिले शब्द. भोंग्याचे स्वतःचे असे बोलणे नसते, दुसरे जे घालतील तेच बाहेर पडते. उचलली जीभ लावली टाळ्याला, असे माणसांना म्हणतात. मला जीभही नाही आणि टाळूही नाही, त्यामुळे त्या म्हणीतून मी सुटलो.

तरुणपणी मी भाड्याने जात असे. शाळांच्या शर्यती, प्रदर्शने, निवडणुकीची भाषणे, सगळे मी केले. पण मला खरा आनंद व्हायचा तो हरवलेल्या मुलांच्या वेळी. "निळा शर्ट घातलेला मुलगा ऑफिसपाशी आहे," असे मी ओरडायचो आणि गर्दीतून त्याची आई धावत यायची. लोक म्हणायचे, "काय खणखणीत आवाज आहे!" पुढे माणसाएवढे उंच काळे स्पीकर आले आणि मला गोदामात टाकले. तिथे गंज खात पडलो आणि शेवटी भंगारात निघालो.

मला ज्यांनी उचलले त्या भंगारवाल्यांना सगळ्या गल्ल्या मामा म्हणत. मला तोडून पत्रा विकायचा सोडून त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "याचं तोंड अजून शाबूत आहे." मग त्यांनी मला घरी नेऊन फळीवर ठेवले. त्यांना स्वतःला भोंग्याची गरज नव्हती, त्यांचा गळा माझ्यापेक्षा मोठा होता. घरात मामी होत्या. आलेल्या भंगारातून तांबे वेगळे, पितळ वेगळे करायचे काम त्यांचे. मामी फार कमी बोलत, आणि दोघांच्या वाटचे मामाच बोलून घेत.

मग मामांच्या गळ्याला आजार झाला. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण आवाज गेला. श्वासासाठी गळ्याला एक भोक राहिले. लिहिणे दोघांनाही येत नव्हते, त्यामुळे आता दोघांच्या वाटचे बोलणे मामींवर येऊन पडले. दवाखान्यात मामांनी हाताने खूण करायची आणि कुठे दुखते, कधी दुखते ते मामींनी डॉक्टरांना सांगायचे. त्या सांगण्यावर औषध ठरायचे. मामींना अनोळखी माणसापुढे बोलताना घाम फुटे, तरी त्या सगळे नीट सांगत.

धंद्याला आरोळी हवीच. म्हणून मला फळीवरून काढले. एकदा बोललेले पुन्हा पुन्हा वाजवणारी एक छोटी पेटी मामांनी मला जोडली आणि मामींना समोर बसवले. मामींनी दोनदा घसा खाकरला, मामांकडे पाहिले आणि सुरू केले, "भंगार, रद्दी, पत्रा, बाटली, जुना टीव्ही, जुना फ्रिज, मोडकं माणूऽऽस द्या, योग्य भाव मिळेल!"

म्हणायचे होते 'मोडकं सामान'. नजर होती समोरच्या माणसावर, म्हणून जिभेवर माणूस आला.

"अगं बाई!" मामींनी जीभ चावली. "पुसा ते. मी परत म्हणते."

मामा गदागदा हलत होते. मला वाटले, यांना झटका आला. पण ते हसत होते. आवाज फुटत नव्हता, डोळ्यांतून पाणी वाहत होते. आजारपणानंतर ते पहिल्यांदा हसले होते. पुसायला निघालेला मामींचा हात त्यांनी धरला आणि नको, नको अशी मान हलवली.

"लोक काय म्हणतील?"

मामांनी हवेत हात उडवला. म्हणेनात का! अशा रीतीने ते वाक्य माझ्यात राहिले. मित्रांनो, ती चूक त्या दोघांच्या मालकीची होती, एवढे ध्यानात ठेवा.

पुढे बराच काळ आम्ही तिघे सुखाने फिरलो. गल्लीतल्या कुणाच्या ते लक्षातही आले नाही. भंगारवाल्याचे शेवटपर्यंत ऐकतो कोण? 'भंगार' एवढे कानावर पडले की लोक रद्दी काढायला आत वळतात. फक्त 'मोडकं माणूस' आले की मामा गाडी ढकलताना मागे वळून मामींकडे पाहत. मामी लटक्या रागाने म्हणत, "पुढं बघा, गाडी खड्ड्यात घालाल."

एका इमारतीत पहिल्या मजल्यावर एक चष्मेवाली सून राहत असे. मोठी गुणी बाई. रद्दी सुतळीने बांधून द्यायची आणि मामांना पाणी विचारायची. एके दिवशी तिने मला शेवटपर्यंत ऐकले. "अय्या!" म्हणून ती खळखळून हसली आणि गॅलरीतूनच फोन मामींवर आणि माझ्यावर धरला. तिच्या मनात काही वाईट नव्हते. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ हजारो लोकांनी पाहिला आणि आठवड्यात लाखांनी.

"मामी, तुम्ही व्हायरल झालात!" ती सांगायला खाली आली. मामींना वाटले, काही साथ आली आहे. सुनेने फोन दाखवला तेव्हा मामींनी त्यात स्वतःला पाहिले आणि पटकन केस सारखे केले. मीही फुगलो. इतक्या लोकांपर्यंत माझा आवाज तरुणपणीसुद्धा गेला नव्हता. लोक लांबून येऊ लागले, गाडीला टेकून फोटो काढू लागले. "मामी, एकदा तोंडानं म्हणा ना," असे म्हणत. मामी लाजत, पण म्हणत. मग, "अजून एकदा. जरा माणूस लांबवा." व्हिडिओ झाला की मंडळी निघून जात. रद्दीचा कागदसुद्धा कुणी आणत नसे. गाडीभोवती गर्दी आणि गाडी रिकामी, अशी गत झाली.

मग लोकांनी मामींचा आवाज व्हिडिओतून काढून घेतला आणि तो हव्या त्या माणसाच्या तोंडावर चिकटवायला सुरुवात केली. नापास झालेला मुलगा दाखवायचा आणि खाली मामींचा आवाज, मोडकं माणूस द्या. टक्कल पडलेला साहेब, घोरणारा नवरा, अंथरुणाला खिळलेली आजी, कुणीच सुटले नाही. बँकेच्या रांगेत, न्हाव्याच्या दुकानात, शाळेच्या फाटकापाशी, प्रत्येकाच्या खिशातून तेच वाक्य ऐकू येई. मी बंद असतानाही माझा आवाज सगळीकडे बोलत होता. मला त्याची भीती वाटू लागली.

त्या सुनेचे सासरे शिंपी होते. आता त्यांचे हात थरथरत. एकदा ते सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होते. दोरा काही जाईना. त्यांच्या मुलाने ते गुपचूप टिपले, खाली मामींचा आवाज लावला आणि सगळ्यांना पाठवले. दुसऱ्या दिवशी आजोबा स्वतः रद्दी घेऊन खाली आले.

"मामी, तुमच्यावर राग नाही बरं का," ते म्हणाले. "मुलाच्या ऑफिसातले हसले, नातेवाईक हसले. मलाही दाखवलं. मीही हसलो. न हसून सांगतो कुणाला?"

मामींनी हात जोडले. त्यांनी तिथेच माझे बटण बंद केले आणि घरी गेल्यावर पेटीतले वाक्य पुसून टाकले. या वेळी मामांनी त्यांचा हात धरला नाही. सुनेला कळले तेव्हा तिने नवऱ्याला चांगले फैलावर घेतले आणि स्वतःचा व्हिडिओ काढून टाकला. पण तोपर्यंत तो हजार घरी जाऊन बसला होता. वाऱ्यावर उडालेले पीठ कोण भरून आणणार?

त्याच सुमारास मामांना पुन्हा गिळताना दुखू लागले. सकाळी थुंकीत रक्त दिसे. मामी त्यांना घेऊन दवाखान्यात गेल्या. हातगाडी बाहेर खिडकीखाली लावली होती, त्यामुळे मला सगळे ऐकू आले. बाके माणसांनी भरलेली होती. कंपाउंडरने विचारले, "काय होतंय?"

"यांना गिळताना दुखतं," मामींनी सुरुवात केली. "सकाळी थुंकीत..."

"अगं, ही तीच!" बाकावरून कुणीतरी ओरडले. "आवाज ऐक ना! मोडकं माणूस!"

भराभर फोन निघाले. आजारी माणसेही उठून बसली. "मामी, एकदा म्हणा ना. योग्य भाव मिळेल, म्हणा ना!" कंपाउंडरलाही मोह आवरला नाही. तो मामांकडे बोट दाखवून म्हणाला, "बोला मामी, आज हे मोडकं माणूस आणलंय होय?"

सगळी खोली हसली. मामा मुके होते, बहिरे नव्हते. मामी काकुळतीला येऊन म्हणत होत्या, "अहो, रक्त पडतंय यांचं, डॉक्टरांना सांगा." पण त्यांच्या प्रत्येक शब्दाला नवा हशा पिकत होता, कारण आवाज तोच होता. मग मामांनी त्यांचे मनगट धरले आणि त्यांना ओढत बाहेर आणले. मामी परत वळत होत्या. मामांनी सोडले नाही. गाडीपाशी आल्यावर त्यांनी मामींच्या तोंडावर हळूच हात ठेवला. मला त्या वेळी इतका संताप आला की माझ्यात वीज असती तर मी ती खिडकी फोडली असती.

त्यानंतर मामी रोज म्हणत, "दुसऱ्या दवाखान्यात जाऊ या." मामा मान हलवत आणि मामींच्या तोंडाकडे बोट दाखवत. तिथेही तुलाच बोलावे लागेल, असे त्यांचे म्हणणे. बायकोचे हसे होऊ नये म्हणून तो माणूस दुखणे गिळत राहिला. गळ्याला गाठ आली. पाणी उतरेना, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना रिक्षात घातले. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी मामींना विचारले, "इतके दिवस काय करत होतात?" मामींनी तोंडावर पदर धरला, असे शेजारीण नंतर सांगत होती. मामा परत आले नाहीत.

चष्मेवाल्या सुनेला फार वाईट वाटले. तिने फोनवर सगळ्यांसाठी लिहिले की आपल्या मामींचे यजमान गेले. मामांचा फोटो कुणाकडेच नव्हता. इतक्या व्हिडिओंत गाडी ढकलणाऱ्या माणसाकडे कुणी फोन वळवलाच नव्हता. म्हणून तिने मामींचा फोटो लावला. लोकांनी फोटो पाहिला, मजकूर अर्धाच वाचला आणि पुढे पाठवला. दुपारपर्यंत मामी मेल्या. 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'तुम्ही आम्हांला हसवलंत', 'असा आवाज पुन्हा होणे नाही'. ज्यांनी दवाखान्यात फोन धरले होते त्यांनीही हात जोडल्याची चित्रे टाकली.

सून धावत खोलीवर आली. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. "मामी, लोकांना वाटतंय तुम्हीच गेलात! मी आत्ता व्हिडिओ करते. तुम्ही फक्त एवढंच बोला, की मी आहे." तिने फोन वर धरला. तिचे डोळे रडून लाल झाले होते.

मामींनी फोनकडे पाहिले. मग हाताने तो खाली केला.

"राहू दे गं पोरी," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाला कुणी 'बोला' म्हणत नाही."

सुनेने फोन पिशवीत टाकला आणि ती मामींपाशी बसून राहिली. खुलासा कुणीच केला नाही. खरोखरच हसणे थांबले. लोकांना दुसरे कुणीतरी सापडले असणार.

आता मामी एकट्याच गाडी घेऊन निघतात. पत्र्याच्या तुकड्यावर सळई वाजवतात, तोंडाने काही म्हणत नाहीत. घरीसुद्धा त्यांचा शब्द ऐकू येत नाही. मी सबंध दिवस भिंतीकडे पाहतो आणि मला मामांची फार आठवण येते.

मित्रांनो, मला खिळ्यावरून काढा, रंग द्या, असे मी मागणार नाही. माझे आयुष्य झाले. पण तुमच्या प्रत्येकाच्या खिशात एक भोंगा आहे. त्यालाही जीभ नाही, टाळू नाही, जे तुम्ही घालाल तेच तो जगभर ओरडेल. तेव्हा कुणाच्या आवाजावर हसून झाले की तो पुढे धाडण्याआधी क्षणभर थांबा. त्या आवाजावर आणखी कुणाचे औषधपाणी चालते, हे तुम्हांला ठाऊक नसते. आणि तुमच्या गल्लीत पत्र्यावर सळई वाजली तर रद्दी घेऊन खाली जा. त्या बाईंना काही म्हणायला लावू नका. त्या आपण होऊन काही बोलल्याच, तर त्या तुमच्याशी बोलल्या आहेत, असे समजा आणि ते तुमच्यापाशीच राहू द्या.