मोबिलचा डबा

सकाळपासून कंबर बोंब मारून राह्यली होती. पण गाडीवरून उतरून कसं जमणार? एकतीस मार्चले पाचच्या आत सिरोंच्याच्या दवाखान्यात हजर व्हाचं, नाई तर माही नर्सची ऑर्डर रद्द आन् यादीतल्या खालच्या पोरीले जागा. त्या ऑर्डरसाठी सात वर्षं झुरली होती मी. लेकरं सासूजवळ टाकून ट्रेनिंग केलं होतं. आन् कागद हाती आला एकोणतीस तारखेले, दुपारी.

आमचे मास्तर, म्हणजे माहे मालक डोमाजी, साडभावाची राजदूत फटफटी मागून घेऊन आले. तीस तारखेले चांद्याहून निघालो, रात आलापल्लीले काढली, आन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच हाडं खिळखिळे करणं.

रस्ता देखणा होता, नाई म्हणत नाई मी. दोन्ही बाजूनं पळस फुललेला, मोहाखाली बायका टोपल्या घेऊन फुलं वेचून राह्यल्या होत्या. मास्तर मधातच म्हणत, "मनकर्णा, मोर पाह्य."

"मोर पाहाले आली नाई मी. तुमी समोर पाहा."

लग्नाले अकरा वर्षं झालती. दोघंच असे कुठी पहिल्यांदाच निघालो होतो, आन् मी हे असं बोलून राह्यली होती. पण जीव थकला की माह्या तोंडाले लगाम राहत नाई.

पुढं पेट्रोल भेटत नाई म्हणून कॅन भरून घेतली होती. ह्या गाडीच्या पेट्रोलात थोडं मोबिल ऑइल मिसळा लागते, नाई तर इंजिन जळते. एका नाल्यावर मास्तरनं टाकी भरली आन् म्हणे, "मोबिलचा डबा दे." मी पिशवीत हात घातला, डबा देल्ला. त्यायनी ओतलं, गाडी हालवून मिसळवलं, किक मारली.

थोड्याच वेळात मागून पांढरा धूर निघाला. कोणाच्या घरी तळण सुरू असावं असा वास आला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, मले आणखीनच भूक लागली. मंग गाडी गचके देत चालली आन् चढावर बंदच पडली. किक खाली जाईना.

मंग मी सुरू झाली. मागून आणलेली गाडी घेतलीच कायले? घरून निघताना पाह्यली काऊन नाई? सात वर्षांचं पाणी केलं तुमी माह्या. मास्तरनं टाकीचं झाकण उघडलं, बोट बुडवलं, वास घेतला, बोट पँटीले पुसलं. एक डाव माह्याकडं पाह्यलं आन् गाडी ढकलाले लागले. मी मागून ढकलत होती आन् बोलतही होती. पायातले गोळे वर चढले, तोंड बंद झालं नाई.

दोनच्या सुमाराले बांबूचा ट्रक आला. डायवर मुखरू, आरमोरीचा, मास्तरच्या ओळखीचा. मास्तरले "जयभीम" केला आन् म्हणे, "कॅबिनमंधी एकच जागा हाय, गुरुजी." लोकाची गाडी जंगलात टाकून मास्तरले येता येत नव्हतं.

"तू जाय," ते म्हणाले.

"जातेच."

त्यायनी पिशवी वर देल्ली आन् हळूच म्हणाले, "डब्यातलं तेल खाजो नोको."

"गाडी मोडा आन् वरून आमाले शिकवा," मी म्हटलं. ट्रक हालला. मी मागं पाह्यलंच नाई.

पाचले वीस मिनिटं कमी असताना मी दवाखान्यात सही केली.

सांजच्याले नव्या खोलीवर शेजारची सुकरी गरम भात घेऊन आली. आमच्याकडं भातावर जवसाचं कच्चं तेल लागतेच. नव्या घरासाठी मीच ते भरून आणलं होतं. झाकण घट्ट बसते म्हणून मोबिलचा रिकामा डबा घासूनपुसून त्यात भरलं होतं. मोठी हुशारी वाटली होती मले तवा. पिशवीत उरलेला डबा उघडला तर आत दाट, चिकट मोबिल.

जवसाचं तेल गाडीच्या टाकीत गेलं होतं. माह्या हातानं.

सुकरी म्हणे, "जेव ना, बाई." मी डब्याचं झाकण परत घट्ट लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर आले. बैलगाडीवर राजदूत आडवी बांधलेली, आन् ते चाकाजवळ पाय लोंबवून बसलेले. टाचा फुटल्या होत्या. उतरल्या उतरल्या इचारलं, "हजर झाली ना?"

"झाली." मंग म्हटलं, "तुमाले तवाच समजलं होतं. मले बोलले काऊन नाई?"

त्यायनी पाणी पेलं, तोंड पुसलं.

"बोललो असतो तर तू ट्रकात बसली नसती."

खरंच नसती बसली मी. चूक माही आन् गाडी तुमी एकट्यानं ढकला, असं मी जलमात केलं नसतं. हे त्यायले ठाऊक होतं.

मी भात वाढला. वर घालाले तेल नव्हतं. मास्तरनं मीठ लावून खाल्ला, आन् मी पाण्याचं घमेलं घेऊन त्यायच्या पायाजवळ बसली.