पॉलिशची फरशी

काचबिंदूने यशोदाबाईंचे डोळे गेले, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. जळगावच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. तरीही पाचोऱ्याजवळच्या त्या खेड्यात पाहुणा घरी आला, तर बाईला दिसत नाही हे त्याला चहा होईपर्यंत कळत नसे. अंगणात त्यांनी कधी कुणाचा हात धरला नाही. उखळाजवळचा खळगा, निंबाच्या मुळांचा उंचवटा, न्हाणीकडची ओलसर माती. अनवाणी पाय टेकला की जागा उमगायची. उरलेलं गायीच्या गळ्यातली घाटी वाजून सांगायची.

पण अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात त्या चिखलात दोनदा घसरल्या. दुसऱ्या खेपेला मनगट मोडलं. त्यांच्या नवऱ्याच्या, झुलालनानांच्या मनाने तेव्हापासून धास्ती घेतली. आज मनगट गेलं, उद्या खुबा जाईल, आणि ही बाई एकदा खाटेला लागली की पुन्हा उठायची नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत अंगणाला फरशी लावायची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मग सुरू झाली विचारपूस. जळगावला पाइपांच्या कारखान्यात असलेला मुलगा सुकदेव म्हणाला, सरळ सिमेंटचा कोबा करा, स्वस्तात होईल. शेजारी राहणाऱ्या वनाने विटा सुचवल्या. पाचोऱ्याच्या रतिलालशेठने वखारीत शहाबादीचे दोन तुकडे समोर ठेवले, एक खाणीतून आला तसा खडबडीत आणि दुसरा घासलेला. खडबडीत चार रुपये फूट, पॉलिशची सात. नानांनी दोन्हींवरून तळहात फिरवला. खडबडीत फरशीची कड हाताला टोचली. हिच्यात तिच्या पायाचं बोट अडकायचं, असं म्हणून त्यांनी तो तुकडा बाजूला सारला.

अंगण चारशे फुटांचं होतं. खडबडीत फरशी कपाशीच्या पैशात बसत होती, पॉलिशची बसत नव्हती. नानांनी दोन दिवस हिशेब खाली-वर केला आणि तिसऱ्या दिवशी गाय बाजारात नेली. फरशी झाल्यावर शेण लागणार कशाला, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. सगळ्या गावाला विचारून झालं. यशोदाबाईंना विचारायचं मात्र त्यांच्या मनात आलं नाही. दिसत नाही त्या माणसाला रंग काय न् दगड काय विचारायचा?

पुना मिस्तरी कामाला चोख होता. त्याने अंगण खणलं, खळगे बुजवले, वर आलेली मुळं तोडली, मुरूम टाकून धुमसाने ठोकून घेतला. नाना दोरी धरून बसत आणि फरशी तसूभर वर आली तरी उखडायला लावत. पुना वैतागून म्हणाला, "नाना, आंगन करतस का कॅरमनं बोर्ड?" नाना हसले. खूप दिवसांनी हसले होते.

काम आखाजीच्या चार दिवस आधी संपलं. सांधे वाळल्यावर सकाळीच नानांनी बायकोला हाक मारली. ये, चालून बघ, म्हणाले. त्या ओट्यावरून उतरल्या. चार पावलं भराभर टाकली, सहा टाकली आणि थांबल्या. उजवा पाय पुढे सरकवला, मागे घेतला. डावीकडे चाचपलं. सगळीकडे तेच, गार आणि सपाट. घाटीचा आवाज यायचा त्या बाजूला त्यांनी कान दिला. तिथून काही आलं नाही.

"मी कोठे शे?" त्यांनी विचारलं.

नाना चार हात अंतरावर उभे होते. जवळ जाऊन त्यांनी तिचं मोडून सांधलेलं मनगट धरलं. त्या घरात तिचा हात असा धरायची ती पहिलीच वेळ होती.

दुपारी ऊन तापलं तशी फरशी तव्यासारखी झाली. अनवाणी पाय ठेवता येईना. सणासाठी आलेल्या सुनेने चपला पुढे केल्या. चपलेत पाय घातल्यावर तर यशोदाबाईंना काहीच उमजेना. त्या दिवसभर ओट्यावर बसून राहिल्या. आखाजीला लेक वच्छला माहेरी आली. पोरी निंबाखाली झोक्यावर बसून गाणी म्हणत होत्या, आणि यशोदाबाई ओट्यावरूनच मान डोलावत होत्या.

नाना पुनाकडे गेले. फरशी काढली तर ती फुटणार, आणि खालची जुनी माती काही परत यायची नाही, असं त्याने सांगून टाकलं. तेवढ्यात गल्लीत पाट्या-जात्यांना टाकी लावणारा ओरडत आला. नानांनी त्याला घरी आणलं. ओट्यापासून न्हाणीपर्यंत आणि न्हाणीपासून दरवाजापर्यंत वीतभर रुंदीची पट्टी टाकीने टोचून दे, पाट्याला टोचतोस तशी, असं सांगितलं. तो माणूस आधी हसला, मग ओट्यावर बसलेल्या बाईकडे पाहून मुकाट कामाला लागला. दोन दिवस टकटक चालली. सात रुपये फुटाच्या पॉलिशवर पांढुरके घाव उमटत गेले.

यशोदाबाई त्या पट्टीवरून न्हाणीपर्यंत गेल्या, परत आल्या. एकदाही चुकल्या नाहीत. नानांनी अधीर होऊन विचारलं, समजतं ना आता?

"समजस," त्या म्हणाल्या. मग पट्टीबाहेर एक पाय टेकवून म्हणाल्या, "पहिले बठ्ठं आंगन मनं व्हतं." सगळं अंगण आधी तिचं होतं; नानांनी त्यावर एकवार नजर फिरवली.

ऊन उतरेपर्यंत त्या पट्टीचाही उपयोग नव्हता. म्हणून नाना दुपारी बादली घेऊन त्या टोचलेल्या वाटेवर पाणी ओतत जायचे, ओट्यापासून सुरुवात करून न्हाणीपर्यंत. वैशाखाचं ऊन. न्हाणीशी पोचेपर्यंत ओट्याकडची फरशी कोरडी झालेली असायची. यशोदाबाई पाय खाली सोडायच्या, टेकवायच्या आणि परत वर घ्यायच्या. नाना पुन्हा बादली भरायचे.