सिनिवाचं सोंग

मी उभी राहिले की लोक हसतात, तोंड उघडायच्या आधीच. नवऱ्याच्या अंत्यविधीला मी उठून म्हणाले, "हा माणूस जन्मभर बेसूर गायला, आता स्वर्गात याला कोण सहन करणार?" आणि मला हुंदका फुटला. अख्ख्या चर्चमध्ये हशा पिकला. तो हुंदकाही त्यांना नक्कल वाटली. पाद्रीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "सिनिवा, तू म्हणजे ना!"

मी म्हणजे काय, ते पुढे कोणी सांगत नाही.

हे सगळं वडिलांनी ठरवलं. ते गावचे प्रमुख होते. आमच्या बेटावर कुठलाही समारंभ ताउआलुंगा नाचाने संपतो, आणि त्या नाचाचा मान प्रमुखाच्या मुलीचा. थोरली मासिना उंच, शेलाटी. पिसांचा मुकुट तिच्या डोक्यावर चढला. मी बुटकी आणि जाडी. मला सांगितलं, "तू तिच्यापुढे लोळ." नाचणारीभोवती कोणीतरी वेडेवाकडे चाळे करावे लागतात, जमिनीवर अंग टाकावं लागतं. त्याशिवाय तिची ऐट दिसत नाही. मी असं काही अंग टाकलं की गाव पोट धरधरून हसला. पुढे मासिना लग्न करून ऑकलंडला गेली, तिच्या जागी दुसऱ्या मुली आल्या. लोळणारी मात्र चाळीस वर्षं मीच. एक दात गेला, गुडघे कितीदा फुटले त्याला गणती नाही. पण नाच मला पुरता येतो. मासिना चुकली की खालून मीच पुटपुटायचे, "डावा हात, डावा!"

यंदा चर्चचं नवं सभागृह बांधून झालं. उद्घाटनाला मासिना आली. आदल्या दिवशी सकाळी भाऊ उएलेसे कोको पीत बसला होता. आता प्रमुख तोच.

"उएलेसे, उद्याचा शेवटचा नाच मी करणार."

कोको त्याच्या नाकातून बाहेर आला. "कर बाई, कर! मुकुटही घाल!"

"शब्द देतोस?"

"दिला, दिला!"

आमच्यात भाऊ बहिणीला दिलेला शब्द मोडत नाही. हसत हसत का होईना, त्याने दिला. मला तेवढाच हवा होता.

पायरीवर बसलेली मासिना सगळं ऐकत होती. ती तोंड उघडून कधी हसतच नाही. प्रमुखाच्या मुलीला ते शोभत नाही, असं लहानपणीच तिच्या डोक्यात भरवलेलं.

"लोक हसतील गं," ती म्हणाली.

"हसू देत."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, भाषणं झाली. मी हातांना खोबरेल चोळलं, नाचताना नेसायची आईची बारीक विणीची चटई कमरेला गुंडाळली, मुकुट घट्ट बांधला आणि मधोमध जाऊन उभी राहिले. सगळं सभागृह खो खो हसत सुटलं. पोरं गडाबडा लोळली. उएलेसेचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. तो पुढे आला.

"सिनिवा, पुरे झालं. पाहुणे बसलेत."

"शब्द दिलायस. खाली बस."

तो बसला. गाणं सुरू झालं आणि मी नाचायला लागले. सावकाश, जसं नाचायचं असतं तसं.

"आता आपटेल बघ!" मागून कोणीतरी ओरडलं. सगळे त्याचीच वाट बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर त्यालाही हसले. राग डोक्यात गेला माझ्या. हसा मेल्यांनो, म्हटलं, घसे बसेपर्यंत हसा. हा नाच मी पुरा केल्याशिवाय इथून हलत नाही.

तेवढ्यात पायाशी धप्पकन काहीतरी पडलं.

बघते तर मासिना! पांढऱ्याशुभ्र पोशाखातली, साठीची मासिना उताणी पडून उलट्या झुरळासारखे हातपाय झाडत होती. हशा एकदम थांबला. प्रमुखाच्या थोरल्या लेकीला असं कोणी कधी पाहिलंच नव्हतं. मग ती कुशीवर वळली, रेड्यासारखी हंबरली आणि कपाळाने जमीन बडवायला लागली. लोकांनी तिच्याकडे पाहिलं, मग ती कोणापुढे लोळतेय ते पाहिलं. माझ्याकडे. माझ्या हातांकडे. पाद्रीबाईंनी तोंडावरचा रुमाल हळूच खाली घेतला.

सगळ्यात आधी उएलेसे उठला. आरोळी ठोकली आणि माझ्यापुढे धाडकन आडवा झाला.

"चाळीस वर्षं मला हेच करायचं होतं गं!" मासिना खालून धापा टाकत म्हणाली. तोंड उघडून हसत होती, आतली सोन्याची दाढ दिसत होती. मग मुद्दाम मोठ्याने ओरडली, "डावा हात, डावा!"

माझा डावा हात अगदी बरोबर होता.

"गप लोळ," मी म्हटलं आणि नाचत राहिले.