मध्यंतरापर्यंतचा देवमाणूस

सिनेमातल्या कैद्याचं शील कसं ओळखायचं, ते मला विचारा. दारूबंदी आली त्यानंतरची काही वर्षं मी पनवेलला तंबूच्या टॉकीजच्या दारात तिकिटं फाडायचो. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. शुक्रवारी दिवस मावळला की आमचा शब्बाथ, काम न करण्याचा दिवस, मी घरी. शनिवारी अंधार पडला की पुन्हा दारात. शेठ दर शुक्रवारी तोंड वाकडं करायचा, पण चालवून घ्यायचा. बाकीच्या दिवशी एकच सिनेमा इतक्यांदा बघावा लागे की नायकाच्या बंडीची गुंडी कुठल्या गाण्यात तुटलेली आहे तेसुद्धा मला ठाऊक. तर ऐका. सिनेमातल्या चांगल्या कैद्याची दाढी वाढत नाही. कपाळावर केसांची एक बट असते, ती खडी फोडतानाही हलत नाही. बिडी तो ओढत नाही, कारण ती वाईट कैद्यानं ओढायची असते. जेलर त्याच्याशी बोलताना टोपी काढतो. एवढं जुळलं की माणूस देव समजायचा आणि डोळ्यांना पदर लावायचा.

त्या साली भात झोडून झालं आणि आमच्याकडे असलाच एक सिनेमा लागला. नाव सांगत नाही, लक्षात ठेवण्यासारखं नव्हतंच. नायक पेढीवर कारकून. पेढीतला हार चोरीला जातो, तो याच्या बायकोच्या पेटीत सापडतो, आणि हा गडी कोर्टात छाती काढून म्हणतो, "माझ्या पत्नीला सोडा. गुन्हा माझा आहे." झालं, अख्खा तंबू मुसमुसायला लागे. बायकोचं पाप अंगावर घेऊन हा तुरुंगात जातो. तिथे जातं ओढत गाणं म्हणतो. तो तुरुंग इतका झाडूनपुसून लख्ख, की आमच्या शेठच्या घरापेक्षा तिथे राहायला मी आनंदानं गेलो असतो. मग मध्यंतर.

मध्यंतरानंतर काय होतं ते मला पाठ होतं, आणि हौसालाही. हौसा तंबूबाहेर शेंगांची टोपली घेऊन बसायची. आत कधी आली नाही, टोपली कुठे टाकणार? पण तंबूला भिंती नसतात. कापडातून सगळा सिनेमा रोज तिच्या कानात पडायचा. नायकाचं तोंड पाहिलेलं नव्हतं, म्हणून तिचं त्याच्याबद्दलचं मत माझ्याहून साफ होतं. "राफेलभाव, ह्यो मानूस लय बोलतो," असं म्हणायची.

तिला जवळच्या विचुंबे गावाला दिलेली. नवरा जगन गुळाची दारू गाळायचा, घरामागच्या झुडपात भट्टी होती. एका संध्याकाळी पोलीस थेट घरात शिरले आणि दोघांनाही चौकीवर घेऊन गेले. हौसा दुसऱ्या दिवशी सुटून आली, जगन ठाण्याच्या तुरुंगात गेला. गावाला ठाऊक होतं ते एवढंच. हौसा तेव्हापासून पनवेलात भावाकडे, दयारामकडे राहत होती. आमच्या तंबूपाशी ती बसायला लागली ती तेव्हापासून.

आता जगन सुटून आला. तुरुंगातून माणूस वाळून येतो म्हणतात, हा अंगानं भरून आला होता. विचुंब्याच्या गावकीसमोर बसून त्यानं डोळ्यांत पाणी आणलं. म्हणाला, "भट्टी माजी नव्हती. हौसाची व्हती. बाईमानूस आत जाईल, म्हनून मी बोललो, गुन्हा माजा हाय." गावकीनं माना डोलावल्या. बायका तर म्हणाल्या, असा नवरा कोणाला मिळतो. ठरलं असं की हौसानं परत नांदायला यायचं, आणि यायच्या आधी चारचौघांत नवऱ्याच्या पाया पडायचं. पनवेलच्या बाजारात तिला भट्टीवाली म्हणायला लागले. ती एकदाच म्हणाली, "मी नाय केली." रडली नाही, त्यामुळे कोणी विश्वास ठेवला नाही. दयारामचं म्हणणं, जा बाई, मिटवून टाक. बहीण घरात बसली की भावाला जगाच्या नजरेचा त्रास होतो, बहिणीला काय होतं ते तो कशाला बघेल?

जगन स्वतःहून तंबूच्या दारात आला, तेव्हा मला त्याची गोष्ट कुठून आली ते कळलं. बोर्डावरचं चित्र बघून हसला आणि म्हणाला, "ह्यो शिनेमा आमाला तुरुंगात दावला. पंधरा आगष्टला."

"पुरा दाखवला?" मी विचारलं.

"नाय, मध्येच बंदीची घंटा झाली. सगल्यांना बराकीत नेलं. पन पुढं काय आसनार? बायको पाया पडत आसंल."

"पाया पडणं आहे खरं," मी म्हणालो. खोटं बोलायची मला सवय नाही.

मग हा शहाणा काय करतो? गावकीला सांगतो, माझी गत डोळ्यांनी बघा, आणि अख्खी गावकी बैलगाड्यांत घालून संध्याकाळच्या खेळाला आणतो. पुढे काशिराम पाटील, गावकीचा म्होरक्या, मागे सगळं विचुंबे. ठरवूनच आले होते की खेळ सुटला की हौसाला तिथूनच गाडीत बसवायची. हौसानं गाड्या पाहिल्या आणि तिच्या हातातलं माप टोपलीत पडलं. मी तिकिटं फाडली. एवढ्या आनंदानं मी ती कधीच फाडली नसतील.

दिवे गेले. पडद्यावर पहिल्यांदा तो कागद येतो ना, सेन्सॉरचा, खाली सही आणि शिक्का असलेला, तो आला. पाटील दाराजवळच वाळूत बसले होते. त्यांनी मला खालूनच विचारलं, "राफेल, कागद कसला?"

"सरकारी दाखला. सरकारनं बघून पास केलंय."

"सरकारनं बघितलाय," पाटील मागे वळून सगळ्यांना म्हणाले. "खरा हाय." आणि सगळ्यांनी मांडी नीट घातली. सातबाऱ्यावर शिक्का असतो, तसा याच्यावर शिक्का. मी काय त्यांना समजावत बसू? माझं काम तिकिटं फाडायचं.

कोर्टातलं ते वाक्य आलं तशी जगनच्या पाठीवर मागून कोणीतरी थाप मारली. जात्याच्या गाण्याला बायकांची बाजू धाय मोकलून रडली. मध्यंतर झालं, पाटील डोळे पुसत बाहेर आले आणि हौसासमोर उभे राहिले. "पोरी, तुजा नवरा देवमानूस हाय. सरकारनं सही केलीय. खेल सुटला का गाडीत बस." जगन बाजूला उभा होता. त्यानं न विचारता टोपलीतून मूठभर शेंगा उचलल्या आणि फोडत आत गेला.

हौसा उठली. "राफेलभाव, टोपली बघा," म्हणाली आणि पहिल्यांदा तंबूत शिरून बायकांच्या बाजूला बसली. तिला तिकीट कोण विचारतो?

मध्यंतरानंतर तेच कोर्ट, पण आता त्याच्या आधी घडलेलं दाखवतात. नायकाचाच हात पेढीचं कपाट उघडतो. नायकच तो हार बायकोच्या पेटीत लपवतो. शिपाई घरी येतो तेव्हा नायकच बोट दाखवतो, "पेटी माझ्या पत्नीची." म्हणजे कोर्टात "गुन्हा माझा" म्हणाला ते साधं खरं होतं, आणि लोकांनी त्यालाच त्याग समजून घेतलं. तुरुंगात सगळे पाया पडायला लागतात तसा हा आतून कुजत जातो. शेवटी गावच्या चौकात येऊन सांगतो, "मी देव नाही, मी चोर आहे," आणि बायकोच्या पायावर कोसळतो. ती त्याला उचलते. कुठूनसा शंख वाजतो. समाप्त.

दिवे लागले, पण एकही माणूस उठला नाही. जगनच्या मुठीत शेंगा तशाच होत्या.

पाटील माझ्याकडे वळले. "तो कागद अर्ध्या शिनेमाचा, का पुऱ्या?"

"पुऱ्या सिनेमाचा."

पाटलांनी विचार केला. "म्हंजे हार यानंच चोरला. मंग भट्टी कोनाची, जगन?"

हार कुठला, भट्टी कुठली. पण इतका सरळ निवाडा मी पुढे मोठ्या कोर्टातही ऐकला नाही. जगन मात्र हुशार. त्यानं इकडेतिकडे बघितलं, बायकांच्या बाजूची दोरी ओलांडली आणि हौसाच्या पायांवर धाडकन पडला. "मी देव नाही, मी चोर आहे," शब्द न शब्द तोच, आवाजही तसाच कातरलेला. पाठांतर चांगलं होतं त्याचं. पुन्हा सगळा तंबू विरघळला. म्हाताऱ्या म्हणायला लागल्या, कबूल केलं बिचाऱ्यानं, मन मोठं हाय. खरं सांगतो, माझा मात्र संताप झाला. याला मध्यंतराच्या आधीही देव करायचं आणि नंतरही?

बहिणीला गाडीत बसवून द्यायला दयारामही आला होता. तो म्हणाला, "हौसा गो, उचल त्याला. सगली बघतात."

"त्या बाईला उचलायचा पगार मिलतो, दादा," हौसा म्हणाली.

कोणीतरी फिसकन हसलं. पाटलांनी तिकडे बघितलं तसं ते थांबलं. हौसा खाली वाकली, पण हात लावला नाही.

"शिनेमाचं बोलू नको. पोलीस आला तवा तू काय बोललास, त्ये बोल."

जगनचं डोकं तिच्या पायांपाशी वाळूतच होतं. सिनेमात या जागी वाक्य नव्हतं.

"बोल. गावाला आयकूदे."

"बोललो," तो म्हणाला, "भट्टी बायकोची हाय. हिला न्या."

"आनि मी काय करीत व्हते?"

आता आवाज कातरलेला नव्हता. नेहमीचा, बाजारातला होता. "मना जेवाय वाढीत व्हतीस."

एकही बाई रडली नाही. बाजूच्या म्हाताऱ्यानं बिडी काढली आणि न पेटवता परत कानावर ठेवली. मी त्या नायकाला पायांवर पडताना रोज बघत होतो आणि दर वेळी, मेला, मी डोळे पुसायचोच. त्या संध्याकाळी मात्र मी तंबूच्या खांबाकडे तोंड फिरवलं.

पाटील कितीतरी वेळ आपलं धोतर झटकत राहिले. मग म्हणाले, "पोरी, तुजं काय?"

"माजं नाव मना पायजे व्हतं. मिललं," हौसा म्हणाली. "मी नांदाय येत नाय."

कोणी तिला चल म्हणालं नाही. दयारामही नाही, तोच पुढे झाला आणि त्यानं तिची टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली. विचुंब्याची माणसं एकेक करून गाड्यांकडे निघाली. जगन तिथेच वाळूत बसून होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि म्हणालो, ऊठ बाबा, दुसऱ्या खेळाची माणसं बाहेर उभी आहेत.