मागून आलेली हाक

सूर्यभानआबाला सिनेमाचा मनस्वी तिटकारा. सगळी हयात एस.टी.चं चाक हातात धरण्यात गेली, औरंगाबाद–वेरूळ रस्ता त्याला तोंडपाठ होता. माणसानं समोर बघून चालावं, मग जगात काही बिघडत नाही, हे त्याचं ब्रह्मवाक्य. असा माणूस त्या उन्हाळ्यात दर रविवारी दुपारी उस्मानपुऱ्यातल्या हॉलमध्ये गुपचूप जाऊन बसू लागला, त्याला कारण त्याची लेक. मनकर्णाचा शब्द मोडणं आबाला कधी जमलंच नाही.

मनकर्णा कॉलेजात शिकवायची. तिथल्या सिनेमावेड्या मंडळींनी घाट घातला होता. ग्रीक लोकांची एक जुनी गोष्ट, तिच्यावर तीन देशांत निघालेले तीन सिनेमे, आणि शेवटी मनकर्णानं उठून सांगायचं की कुणी ती खरी दाखवली. कॉलेजात बोलायच्या आधी ती सगळं आबापुढं बोलून बघायची. आबा खोट काढायला पटाईत.

गोष्ट तशी साधीच. एक गाणारा असतो. त्याची बायको साप डसून मरते. हा पठ्ठ्या थेट पाताळात जातो, गाऊन गाऊन तिथल्या राजाला रडवतो. राजा म्हणतो, ने बाबा तुझी बायको, ती मागून चालत येईल. पण उजेडात जाईपर्यंत वळून बघायचं नाही, बघितलंस तर ती कायमची गेली. आणि हा बघतो.

पहिला सिनेमा काळा-पांढरा. त्यात मागून पावलांचा आवाजच येत नाही. गाणाऱ्याला वाटतं, राजानं गंडवलं आपल्याला, म्हणून तो वळतो. घरी येताना मनकर्णा म्हणाली की ह्यात सगळा दोष संशयाचा आहे. आबा उखडला. सांगितलंय बघू नको, तर बघायचं कशाला, येडं बेणं, असं म्हणून त्यानं त्या गाणाऱ्याची पार सालटी काढली. मनकर्णा हसली. पण रात्री आबानं अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली, तेव्हा तिचं हसू गेलं.

आबाच्या पोटात काय होतं ते तिला कुठून ठाऊक असणार?

त्याची बायको बानाबाई तापानं गेली, त्याला आता तीस वर्षं होत आली होती. घर तेव्हा वेरूळच्या अलीकडच्या वाडीत. मुलगा नव्हता, म्हणून अग्नी आबानंच दिला. खांद्यावर मडकं घेऊन फेरे घातले, मडकं पाठीमागं टाकलं. म्हाताऱ्यांनी दटावलं, आता सरळ घर गाठा, मागं कुणी बघायचं नाही. बघितलं की मेल्या माणसाचा जीव पायात घोटाळतो. माणसं ओढ्यापाशी आली असतील नसतील, तोच मागून बारीक हाक आली, “थांबा की.”

बाना अशीच म्हणायची. शहागंजच्या बाजारात आबा लांब ढांगा टाकत पुढं, बाना पोरीचा हात धरून मागं, आणि मागून सारखं, थांबा की, थांबा की. गडी चाल जरा कमी करायचा, पण मान वळवायचा नाही. बायकोकडं वळून बघत चाललं तर चार लोक काय म्हणतील, ही मेली मर्दुमकी! त्या दिवशी मेव्हण्यानं, कडूबानं, त्याचा दंड आवळून धरला. कुणी चकार शब्द काढला नाही, पण सगळ्यांची पावलं उचलली गेली. म्हणजे सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि घरी येऊनही सगळे तोंडात गुळणी धरून बसले, ते आजतागायत.

तेव्हापासून एकच प्रश्न आबाला कुरतडत होता. भूत असेल तर असो, भुताचं तो सोसणारा होता. पण ताप उतरून बाई जागी झाली असेल तर? पेटत्या सरणावरून तिनं हाक मारली असेल तर? पुढं दौलताबादच्या चढावर गाडी रिकामी असली की मागच्या बाकावरून तीच हाक यायची. आबा आरशात बघायचा, नुसती बाकं. नोकरी संपली तरी हाक संपली नाही, पायी चालतानाही ती मागून यायची. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. पोरीसाठी जन्म जाळला, असं लोक म्हणत. खरं तर ह्याच्या घरात कुणीतरी आधीच होतं. आणि कुणाला सांगण्यासारखं नाही, पण एखाद्या संध्याकाळी हाक आली नाही तर आबा चढावर गाडी हळू करून तिची वाट बघायचा.

दुसऱ्या रविवारचा सिनेमा रंगीत. ह्यात बायकोला अट ठाऊक नसते. ती मागून रडत येते, एकदा बघ माझ्याकडं, का बघत नाहीस म्हणून विनवते. बोलणं परकं, खालच्या अक्षरांवर आबाची नजर ठरेना, पण कळायचं राहिलं नाही. पडद्यावरचा वळायच्या आत आबाच उठला आणि लोकांचे पाय तुडवत बाहेर आला.

मनकर्णा धावत मागं आली. तिला वाटलं, आबाचं बी.पी. वाढलं. तिनं समोरच्या गाड्यावरून उसाचा रस आणला. आबा पायरीवर बसला होता, त्यानं ग्लासाला हात लावला नाही. इतकी वर्षं गिळलेलं सगळं त्यानं लेकीपुढं ओकलं, ओढा, हाक, कडूबाचा हात, रिकामी बाकं.

“मने, त्याची बायको हाक मारती, आन् तो वळतो,” तो म्हणाला. “म्या वळलो नाय. जित्या बाईला जाळून आलो का काय गं म्या?”

 मनकर्णानं ग्लास खाली ठेवला.

“आबा, ती मी होते.”

सात वर्षांची होती ती. आईला कुठं नेतात हे कुणी सांगेना, म्हणून बायकांची नजर चुकवून माणसांच्या मागं गेली, बाभळीआड लपली. माणसं परत फिरली आणि ती एकटी उरली त्या जाळापाशी. आबाला थांबवायला त्या घरात एकच हाक होती, आईची, ती तिनं मारली. कुणी वळलं नाही. ती पळाली, तर माणसं जास्तच पळाली. दिवस कलताना शेरडं घेऊन परतणाऱ्या वाडीतल्या म्हाळसाबाईनं तिला हाताला धरून दारात आणून सोडलं. सुतकाच्या घरात पोर कुठं होती हे विचारायची शुद्ध कुणाला?

“मग बोलली का नाय कधी?”

“मला वाटलं, मीपण मेले. म्हणून माझी हाक कुणाला ऐकू येत नाही. तुम्ही तर पुढं कितीतरी दिवस माझ्या तोंडाकडं बघतसुद्धा नव्हता.”

खरंच होतं ते. पोरीचं तोंड अगदी बानासारखं, बघवायचं नाही त्याला. आबानं भर रस्त्यात लेकीचं डोकं छातीशी धरलं आणि तो हमसून हमसून रडला. छातीवरची धोंड उतरली होती. बाना आधीच गेली होती, त्यानं कुणाला जाळलं नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले.

“म्हंजी ती नव्हतीच,” तो म्हणाला.

“नव्हती, आबा.”

“मंग गाडीत यायची ती?”

 मनकर्णानं त्याचा हात धरला आणि रिक्षा थांबवली.

तिसऱ्या रविवारी ती नको नको म्हणत होती, तरी आबा आलाच. ह्या सिनेमातला गाणारा चुकत नाही. मुकाट उजेडापर्यंत येतो, उन्हात पाऊल टाकतो, आणि सुटलो बाई एकदाचे म्हणून आनंदानं वळतो. तिचं एक पाऊल अजून अंधारात असतं. तेवढ्यानं ती जाते. आबा शेवटपर्यंत बसून राहिला.

बाहेर पडल्यावर मनकर्णानं विचारलं, कुठला खरा?

“ह्योच,” आबा म्हणाला. “उजेडात आला, आन् मंग ती गेली.”

एवढं बोलून तो सवयीनं लांब ढांगा टाकत निघाला. आठवडा झाला होता, मागून काही आलं नव्हतं. चौकाजवळ त्यानं चाल कमी केली, कान दिला. रिक्षा, भाजीवाले, पोरांचा कालवा, बाकी काही नाही. मग उभ्या जन्मात जे केलं नव्हतं ते त्यानं केलं. भर गर्दीत थांबला आणि मागं वळला.

मागं बाना नव्हती. डोईवर पदर घेऊन, उन्हातून धापा टाकत मनकर्णा येत होती. ती अजून बोललीही नव्हती, तोवर आबा म्हणाला, “थांबलोय, ये.”